जास्तीचे बत्तीस

तुम्ही खोटं लिहिलंत.

नाव घेत नाही तुमचं. घ्यायची गरजही नाही. नाईलच्या पलीकडच्या काठावर, शिक्षण खात्याच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, हिरव्या पडद्याच्या खोलीत बसून जो सही करतो त्याला बरोबर कळेल हे कुणाला चाललंय. चौदा ओळींचा अहवाल तुमचा. त्या चौदा ओळींत तुम्ही एका मेलेल्या माणसाला पुन्हा मारलंत. ‘मयताने कपॅसिटर रिकामा न करता हाताळला. मयताचा निष्काळजीपणा.’ एवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून खाली आणखी एक ओळ: ‘प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ आणल्याचे आढळले.’ माणूस फरशीवर पडलाय आणि तुमचा कारकून मिठाईचा डबा नोंदवतोय!

आता खरं काय झालं ते ऐका. पटलं नाही तर जर्नलं काढा. छत्तीस आहेत. तुमच्याच कपाटात आहेत.

इन्शिराहबाई दुमियातच्या एका मुलींच्या शाळेत वरच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतात. वय बेचाळीस, गुडघे साठीचे, आवाज हवालदाराचा. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. खाली सुतारगल्ली. सकाळी आठला करवती सुरू झाल्या की बाईंना गळा ताणूनच शिकवावं लागतं. खिडकी उघडली की भुसा आत, बंद केली की सरसाचा वास आतच कोंडलेला. इथल्या मुलींच्या दप्तरातसुद्धा भुसा असतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

त्या प्रयोगशाळेची किल्ली सत्तावीस वर्षं एकाच माणसाच्या कमरेला होती. बदीर त्यांचं नाव. आमच्याकडे काकाला अम्म म्हणतात. सगळी शाळा त्यांना अम्म बदीर म्हणायची, मुख्याध्यापिकाही. पदानं ते मदतनीस, जन्मानं सुतार. शाळेला नवी उपकरणं कधी मिळाली नाहीत, म्हणून त्यांनी भावाच्या कारखान्यातून झान, म्हणजे बीचच्या लाकडाचे तुकडे आणून स्वतःच्या हातानं फळ्या बनवल्या. प्रत्येक फळीवर एक कपॅसिटर, दोन पितळी स्क्रू, आणि कुंचल्यानं काढलेला आकडा. दहा. दहा. दहा. अशा चोवीस फळ्या, सगळ्या दहा मायक्रोफॅरॅडच्या. आणि कपाटात, खालच्या खणात, एकच मोठा: जुन्या एक्स-रे यंत्रातून काढलेला, तेल भरलेला, चहाच्या किटलीएवढा कपॅसिटर. त्यावर त्यांनी लाल रंगात लिहिलं होतं: बत्तीस.

तो मोठा खेळण्यातला नव्हता. दोन हजार व्होल्टला भरला की ठिणगी बोटभर लांब उडायची आणि खालच्या करवतीसुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटायच्या. वर्षातून एकदा अम्म बदीर मुलींना ती ठिणगी दाखवायचे. मग एक दांडी घ्यायचे. मूठ लाकडाची, खरादावर काढलेली, तिला हिरवा दोरा गुंडाळलेला, टोकाला वाकवलेला पितळी आकडा. ती दोन्ही स्क्रूंना टेकवायची, की आतला सगळा साठा रिकामा. पण ते एकदा टेकवून थांबायचे नाहीत. तीनदा टेकवायचे.

"एकदा टेकवलं की हा झोपल्याचं सोंग घेतो," ते सांगायचे. "काटा शून्यावर येतो. तुम्ही पाठ फिरवता. हा आतून आठवून आठवून परत थोडा भरतो. दुसऱ्यांदा टेकवलं की शरमतो. तिसऱ्यांदा झोपतो."

थट्टा नव्हती ती. मोठे कपॅसिटर खरंच असे वागतात, पुस्तकात आहे. प्रयोग असो नसो, ते रोज सकाळी आल्या आल्या तीनदा टेकवायचे आणि कपाटाच्या दाराला आतून खडूच्या तीन रेघा ओढायचे. मग दांडी खिळ्यावर. सत्तावीस वर्षांत एक सकाळ चुकली नाही.

त्यांचा दुसरा नियम मात्र कुणी पाळला नाही. "काट्याशी हुज्जत घालायची नाही. तो जे बोलेल ते लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे." मुली मान डोलवायच्या आणि पुस्तकातलं उत्तर बघून रीडिंग जुळवायच्या. सगळ्या शाळा हेच करतात. परीक्षक आकडा बघतो, काटा बघत नाही. समांतर जोडणीत दहा आणि दहा वीस, एकसर जोडणीत दहा आणि दहा पाच. मीटर अठरा म्हणो नाहीतर तेवीस, जर्नलात वीसच. इन्शिराहबाईंनीसुद्धा अशा हजारो जर्नलांवर सह्या केल्या होत्या. आपल्या लाडक्या मुलींचे मार्क जाऊ नयेत म्हणून त्यांनीच हे शिकवलं होतं म्हणा ना.

बारा मार्चला अम्म बदीर कपाटापाशी पडलेले सापडले. उजवा हात काळा पडलेला. टेबलावर मिशब्बकचा, म्हणजे आमच्याकडच्या जिलबीसारख्या मिठाईचा डबा, किलोचा, दोरीसुद्धा सोडलेली नाही.

बाई तेव्हा दुसऱ्या इमारतीत परीक्षेवर होत्या. धावत आल्या. नंतर तुमची माणसं आली, त्यांनी तो मोठा कपॅसिटर लाकडी खोक्यात घातला, लाखेचं सील ठोकलं, गोदामात नेला. दोन दिवसांनी कागद आला. तुमच्या तपासनीसानं बोट ठेवून दाखवलं, "इथं सही करा. साक्षीदार म्हणून. नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप लागेल."

बाईंनी सही केली. वाचून केली.

हे त्या कुणापासून लपवत नाहीत, म्हणून मीही लपवत नाही. आकडा जुळवायची सवय हाताला लागलेली होती. हात चालला.

पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. अम्म बदीरना मधुमेह होता. अकरा वर्षं त्यांनी चहात साखर घातली नव्हती. मिशब्बकचा पाक ज्या बोटांना लागतो ती बोटं दिवसभर चिकटतात. प्रयोगशाळेत ते बिस्किटसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. मग तो किलोचा डबा कुणासाठी?

कपाटाच्या दारावर बारा मार्चच्या तीन रेघा होत्या. बाईंनी ते लिहून कळवलं. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘रेघा कोणीही ओढू शकतो.’

सुट्टी गेली. ऑक्टोबर आला. नव्या मुली, तोच प्रयोग. त्या तीन आठवड्यांत पाचशेहून जास्त रीडिंग झाली आणि पस्तीस मुलींच्या जर्नलांत सगळं चोख: वीस, पाच, वीस, पाच. बाई लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत गेल्या आणि एका पानावर पेन थांबलं.

"शुरूक, इकडे ये. हे काय लिहिलंयस?"

शुरूक ही पॉलिशवाल्याची मुलगी. बोटांची टोकं कायम तपकिरी, अभ्यासात बेताची, तोंडानं फटकळ.

"बावन्न, बाई."

"दहा आणि दहा किती होतात?"

"वीस. पण ते बेरजेत. मीटर बावन्न म्हणतंय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "बाई, हिचं मीटरशी लग्न ठरलंय."

"तुझं ठरत नाही म्हणून जळतेस होय गं?" शुरूक मागे न बघता म्हणाली.

"गप्प बसा. शुरूक, हे खोड. वीस लिही."

"नाही खोडणार."

"मग शून्य देईन."

"द्या. शून्य तरी खरं असेल." मग तिचा आवाज जरा खाली आला. "गेल्या वर्षी अम्म बदीरनी मला सांगितलं होतं, काट्याशी हुज्जत घालायची नाही. आता ते नाहीत म्हणून लगेच घालायची का, बाई?"

हशा थांबला. इन्शिराहबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी सत्तावीस वर्षांत त्या खोलीत कुणी विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

"खरं सांगा. मार्क कापणार नाही. मीटरवर वीस कुणाला आलं होतं?"

एकही हात वर झाला नाही.

"मग किती आलं होतं?"

"बावन्न, बाई," पहिल्या बाकावरची हुशार मुलगी पुटपुटली. "आम्हाला वाटलं आमचंच चुकलं. म्हणून जुळवलं."

"सगळ्यांना बावन्न?"

छत्तीस हात वर झाले.

बाईंनी त्याच दुपारी स्वतः फळ्या जोडल्या. शेजारी शेजारी दोन, म्हणजे समांतर: दोन रांजण जवळ ठेवले की पाणी दुप्पट मावतं, तसं. वीस यायला हवं. बावन्न आलं. तीन फळ्या जोडल्या, तीस यायला हवं. बासष्ट आलं. तारा बदलल्या. फळ्या बदलल्या. मीटरची बॅटरी बदलली. मुलांच्या शाळेतून दुसरं मीटर मागवलं. बावन्न. बासष्ट. बावन्न.

मग त्यांनी फळ्या आणि मीटर उचलून बाहेर गॅलरीत नेलं. वीस. परत आत आणलं. बावन्न. उंबऱ्यावर ठेवलं तेव्हा आकडा क्षणभर थरथरला, जसं कुणी जागा करून द्यायला जरा सरकावं, आणि बावन्नावर बसला.

बाई भित्र्या नव्हेत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर गणित मांडलं. समांतरमध्ये दर वेळी बत्तीस जास्त. मग एकसरमध्ये? एका मागोमाग जोडले की एकूण क्षमता घटते. दोन दहांची पाच होते, आणि त्यात बत्तीसचा तिसरा घातला तर आणखी कमी. त्यांनी आधी आकडा काढला, मग मीटर लावलं. कागदावर चार पूर्णांक बत्तीस. मीटरवर चार पूर्णांक बत्तीस.

खडू हातातच राहिला. खालच्या करवती चालू होत्या. ऊन सरळ टेबलावर पडलं होतं, फळीवरचे पितळी स्क्रू चमकत होते, भिण्यासारखं कुठं काही नव्हतं. आणि त्या भरदुपारी बाईंच्या मानेवरचे केस उभे राहिले. कारण त्या खोलीत बत्तीसचा कपॅसिटर एकच होता आणि तो सात महिन्यांपासून नदीपलीकडे, तुमच्या गोदामात, सील केलेल्या खोक्यात पडला होता.

टेबलावर फळ्या दोन होत्या. सर्किटमध्ये कपॅसिटर तीन.

बाई खिळ्यापाशी गेल्या. दांडी होती. हिरवा दोरा, पितळी आकडा. त्यांनी ती मुठीत घट्ट धरली. "अम्म बदीर," त्या हळू म्हणाल्या, "मी सही केली. तुम्हाला माहीत आहे ना?"

मीटरचा आकडा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात एकच वाक्य सांगितलं. "आजपासून या खोलीत आकडा जुळवायचा नाही. जे दिसेल ते, जे ऐकू येईल ते, वेळ घालून, शाईनं." आणि तुम्हाला अर्ज पाठवला: अहवाल चुकीचा आहे, माझी सही मी मागे घेते, प्रयोगशाळेत अशी अशी रीडिंग येतात, तज्ज्ञ पाठवा. एक पाठवला, दोन पाठवले, तिसरा स्वतः आणून दिला. तुम्ही काय केलंत? ‘उपकरणे सदोष. प्रयोगशाळा बंद करून खोली सामानासाठी वापरावी. समिती पाहणी करील.’ बाईंनी खरं लिहिलं म्हणून तुम्ही खोलीच बंद करायला निघालात!

पण समिती पाठवताना तुमची एक चूक झाली. समितीच्या अध्यक्ष म्हणून तुम्ही मदीहाबाईंना नेमलंत. तांत्रिक महाविद्यालयातल्या इंजिनिअर, निवृत्तीला चार महिने राहिलेल्या, पायात सपाट चपला, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. तुम्हाला वाटलं म्हातारी झोपाळू आहे.

तेरा नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता त्या आल्या. बरोबर एक कारकून आणि तुमचा तपासनीस. तोच, ज्यानं बोट ठेवून सही घेतली होती. एके काळी तोही भौतिकशास्त्राचा मास्तर होता. दाराशी तो जरा थबकला, कपाटाकडे बघितलं नाही, आणि मोठ्यानं हसला.

"काय इन्शिराहबाई, भूत पाळलंय म्हणे! चारा काय घालता?"

"खरी रीडिंग," बाई म्हणाल्या. "तुम्हाला परवडायची नाहीत, साहेब."

छत्तीस मुली बाकांवर ताठ. जर्नलं उघडी. पेनांची टोपणं निघालेली.

तपासनीसानं स्वतःच्या बॅगेतून नवं मीटर काढलं, पाकीट सगळ्यांसमोर फाडलं. मदीहाबाईंनी बाह्या सरसावल्या, स्वतः दोन फळ्या समांतर जोडल्या.

बावन्न.

"हं," त्या म्हणाल्या. तारा काढल्या, उलट्या लावल्या. बावन्न. एकसर लावल्या. चार पूर्णांक बत्तीस. त्यांनी कारकुनाच्या हातातून कागद ओढला, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि पेन्सिल टेकवली. "बत्तीस. कुणीतरी बत्तीसचा एक आणखी जोडलाय यात. टेबलाखाली बघा."

कारकून टेबलाखाली शिरला. भुसा झटकत बाहेर आला. "काही नाही, इंजिनिअरबाई. एक च्युइंगम आहे."

"बत्तीसचा होता का इथं कधी?"

"होता," इन्शिराहबाई म्हणाल्या. "तुमच्या साहेबांच्या गोदामात आहे. सील करून."

तपासनीस म्हणाला, "काय पोरखेळ चाललाय! मुलींनी काहीतरी करून ठेवलंय." आणि तो टेबलाकडे दोन पावलं आला.

मदीहाबाईंनी फळीला काट्याचं व्होल्टमीटर लावलं होतं. बॅटरी नाही, वीज नाही, नुसती फळी. काटा शून्यावर.

तो आला तसा काटा उठला.

सावकाश, उंबरठ्यावर पाय ठेवावा तसा. एक. दोन. चार.

तो थांबला. काटा थांबला.

"मागं सरका जरा," मदीहाबाई म्हणाल्या.

तो सरकला. काटा उतरला.

"आता पुढं या."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

तो आला. काटा चढला. सहा. आठ. दहाच्या पुढे जागा नव्हती. काटा शेवटच्या खुंटीला टेकून थरथरत राहिला, आणि त्याची बारीक टिकटिक सगळ्या खोलीला ऐकू आली.

खालच्या करवती थांबल्या होत्या. कधी, ते कुणाला कळलं नाही.

इन्शिराहबाई खिळ्याकडे गेल्या. दांडी घेतली. पितळी आकडा दोन्ही स्क्रूंना टेकवला.

काटा पडला. शून्य. आणि परत उठू लागला.

दुसऱ्यांदा टेकवला. पडला. परत उठला, आता हळू, अर्ध्यावर.

तिसऱ्यांदा.

शून्य. काटा झोपला.

"एवढंच," इन्शिराहबाई म्हणाल्या. त्यांचा हवालदारी आवाज आता अगदी शांत होता. "सत्तावीस वर्षं रोज तीनदा. बारा मार्चलाही तीनदा. साहेब, आता तुम्ही हात लावून बघा. शून्य आहे."

तपासनीस फळीकडे बघत राहिला.

"लावा ना," मदीहाबाई म्हणाल्या. "वीज कुठाय यात? तुम्हीच म्हणता पोरखेळ आहे."

त्यानं हात पुढे केला. फळीपासून वीतभर अंतरावर हात अडला. बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती. त्यानं ती सोडवायचा प्रयत्न केला, पॅंटला पुसली, परत बघितली.

"पाक," तो म्हणाला. "पाक लागलाय."

त्याच्या बोटांना काही लागलेलं नव्हतं.

"कुणासाठी आणायला पाठवला होता डबा?" इन्शिराहबाईंनी विचारलं.

"पाहुण्यांसाठी." तो घाईघाईनं बोलायला लागला, मुलं पाठांतर म्हणतात तसा. "कैरोहून आले होते. त्यांना ठिणगीचा फोटो पाहिजे होता. बदीर नको म्हणत होता, मी त्याला मिशब्बक आणायला धाडला. मी भरला तो. दोन हजारला. फोटो नीट येईना. मग फोन आला, पाहुणे निघाले, मीही निघालो. रिकामा करायचा राहिला. आम्ही तो तसाच कपाटात… त्याच्या तीन रेघा होत्या दारावर. त्याला वाटलं असेल…"

त्याला वाटलं असेल की सकाळी तीनदा टेकवलाय आणि माझ्याशिवाय कपाटाला कुणी हात लावत नाही. म्हणून अम्म बदीरनी मिठाई टेबलावर ठेवली आणि कपाट आवरायला हात घातला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणावर तरी विश्वास ठेवला: स्वतःच्या खडूवर.

खोलीत फक्त पेनांचा आवाज होता. छत्तीस पेनं.

शुरूकनं मान वर केली. "साहेब, वेळ काय लिहू?"

तपासनीस बोटंच पुसत राहिला.

"दहा चाळीस," मदीहाबाई म्हणाल्या. "आणि खोडू नकोस."

त्यांनी तिथंच, त्याच टेबलावर अहवाल लिहिला. तपासनीसाची सही घेतली, कारकुनाची घेतली, स्वतःची केली. मग पेन इन्शिराहबाईंकडे दिलं. बाईंनी आधी कागद पूर्ण वाचला, शब्दन् शब्द, मोठ्यानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा. मग सही केली.

आणि मग मुली आवरल्याच नाहीत, छत्तीसच्या छत्तीस. पहिली ललकारी शुरूकनं दिली. लग्नात नवरी दारात आली की जीभ हलवून बायका देतात ना, तशी उंच, लांब, थरथरती. ती गॅलरीत गेली, जिन्यानं खाली गेली, प्रत्येक वर्गातून परत आली. खाली सुतारांनी मान वर करून विचारलं काय झालं, आणि कुणीतरी खिडकीतून ओरडलं, "अम्म बदीर सुटले!" तेव्हा त्या गल्लीतल्या माणसांनी रंधे, हातोडे, पटाश्या जे हाताला येईल ते फळ्यांवर बडवलं. आठ महिने ज्या घराशी बोलताना लोक नजर चुकवत होते, त्या घरासमोर संध्याकाळी माणसं मावेनात. त्यांच्या भावांनी रात्रीतून पाटी कोरली, झान लाकडाची, सगळ्यात सरळ रेषांची: बदीर प्रयोगशाळा. ती आजही दारावर आहे. काढून दाखवा.

त्या दिवशी घरी जाण्याआधी बाईंनी फळ्या एकदा जोडून बघितल्या. वीस. एकसर, पाच. दांडी खिळ्यावर टांगली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

तुम्ही हरलात. इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण मदीहाबाई अर्धं काम सोडणाऱ्या नव्हेत. चौदा तारखेला सकाळी त्यांनी तुमच्या गोदामातलं खोकं उघडायला लावलं, पुरावा तपासायला. इन्शिराहबाई हजर होत्या. तुमचा कारकून होता. तुम्ही स्वतः दारात उभे होतात, घड्याळ बघत. सील बारा मार्चचं, लाखेवर तुमचाच शिक्का, कुठं चीर नाही. ते तुम्ही स्वतः बघून मग फोडायला सांगितलंत.

आत तो मोठा कपॅसिटर होता. आणि त्याच्या दोन्ही स्क्रूंवर आडवी टेकवलेली एक दांडी. हिरवा दोरा. पितळी आकडा.

इन्शिराहबाई शाळेत परत आल्या, प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं. खिळा रिकामा होता.

आता तुम्ही नोटीस पाठवलीत. ‘शाळेची मालमत्ता कार्यालयाच्या गोदामात कशी आली, याचा आठ दिवसांत खुलासा करावा.’ वा! खुलासा बाईंनी करायचा? सील तुमचं, शिक्का तुमचा, किल्ली तुमच्या खणात.

आणि नोटिशीत तुम्ही खोक्याच्या झाकणाबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. तुम्ही बघितलंत ते. तुमचा चेहरा सगळ्यांनी बघितला. झाकण आतून खडूच्या रेघांनी भरलेलं होतं, तीन-तीनच्या जुड्या, ओळीनं, काटेकोर. मदीहाबाईंनी मोजल्या. सातशे चाळीस. तेरा मार्चपासून चौदा नोव्हेंबरपर्यंत रोजच्या तीन, सुट्टीचा शुक्रवारसुद्धा चुकलेला नाही. फक्त शेवटच्या जुडीत दोनच होत्या. तिसरी ओढायच्या आत तुम्ही झाकण उघडलंत.

म्हणजे अजून एकदा टेकवायचा राहिलाय, आणि खोकं पुन्हा तुमच्याच इमारतीत आहे.

ती दांडी आत कुणी नेली? आठ दिवस तुम्हालाही आहेत. उत्तर द्या.